आजोबा फुगल्यात

डेंटिस्टने खालच्या दाढेशेजारी इंजेक्शन टोचलं, "आता थोडा वेळ हा जबडा तुमचा नाही," असं बजावलं आणि तो शेजारच्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाकडे निघून गेला. मी दिव्याखाली आडवा होतो. खिशात फोन थरथरला. माळीणकाकूंचा मेसेज होता : 'आजोबा फुगल्यात. लवकर या.' मी तो वाचला, परत वाचला, आणि ती खुर्ची माणसाला जितकं ताठ बसू देते तितका ताठ बसलो. ओठ बधिर होत चालला होता. आधी मुंग्या, मग गारवा, मग नुसतीच जागा, भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखी. आणि त्या रिकाम्या जागेच्या मधोमध एकच अक्षर घणघणत होतं : ल्या. फुगलेत नव्हे. फुगल्यात.

आजोबा म्हणजे माझे आजोबा नव्हेत. माझे आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले आणि फुगण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. हे आजोबा म्हणजे शहरातल्या वनस्पती उद्यानातलं एक सायकड, आणि मी तिथे सायकड विभागाचा साहाय्यक. विभागात मी आणि ती झाडं एवढेच आहोत, आणि त्यांना साहाय्य लागत नाही. सायकड लांबून ताडासारखं दिसतं, जवळून ताडावर रागावल्यासारखं. जाडजूड खवल्यांचा बुंधा, डोक्यावर कडक पानांचा मुकुट, आणि एकूण आविर्भाव असा की आम्ही आधीपासून इथेच आहोत, तुमचं काय काम आहे ते बोला. आविर्भाव खरा आहे. या घराण्याने डायनोसॉर येताना पाहिले, जाताना पाहिले, आणि दोन्ही वेळा जागचं उठलं नाही. यांच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी. नराच्या शेंड्यातून कणसासारखा उभा शंकू निघतो. आजोबांच्या जातीत मादीला तसं कणीस येत नाही, तिच्या शेंड्यात केसाळ सोनेरी पानांचा गड्डा बसतो, थेट कोबीसारखा. आजोबांना आजवर जेव्हा जेव्हा आलं तेव्हा कणीसच आलं. म्हणून ते आजोबा, आणि म्हणून त्यांच्यासमोरच्या बोर्डावर 'नर' असं ठसठशीत रंगवलेलं. आमच्याकडे या जातीचे नर बरेच आहेत, मादी एकही नाही. मुलांच्या वसतिगृहात असतं तसं एक सुस्त, ओशाळं वातावरण आमच्या काचघरात बारा महिने असतं.

आता काकूंच्या मेसेजवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न होता, कारण काकूंचा अंगठा उद्यानात प्रसिद्ध आहे. त्या एका हाताने टाइप करतात, दुसऱ्या हातात कायम काहीतरी मुळासकट असतं. मागे पाण्याची नळी फुटली तेव्हा त्यांनी सगळ्यांना 'नळीला पाय फुटले' असं कळवलं, आणि गेटवरच्या रखवालदाराने चोरी झाली समजून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासली. एका बाईंच्या पिशवीत खरंच नळी निघाली, पण ती त्यांची स्वतःची होती आणि त्यांनी तक्रार केली. तेव्हा शहाण्या माणसाने 'फुगल्यात' वाचून मनातल्या मनात 'फुगलेत' करून घ्यायचं आणि दाढ भरून घ्यायची. मला ते जमेना. मी ते अक्षर मनात दुरुस्त करायचो आणि ते परत उठून बसायचं. गेल्या वर्षी वादळात शेजारच्या झाडाची अवाढव्य फांदी काचघराचं छप्पर फोडून आजोबांच्या डोक्यावर पडली होती. मुकुट मोडला, शेंडा चिरला, आणि अख्खी थंडी आजोबांनी उघड्यावर काढली, गोणपाट पांघरून, एखाद्या पदच्युत राजासारखी. अशा मोठ्या धक्क्यानंतर सायकड क्वचित नराचं मादी होतं, असं मी तेव्हा वाचलं होतं. क्वचित म्हणजे किती क्वचित, तर लिहिणाऱ्याने ते वाक्य कंसात टाकलं होतं. तो कंस गेलं वर्षभर माझ्या डोक्यात उघडाच होता.

"आ करा," डेंटिस्ट परत येऊन म्हणाला. मी उठून उभा राहिलो. "आला जावं लागेल," मी म्हणालो, कारण माझ्याकडचे ओठ मिटून म्हणायचे सगळे वर्ण गेले होते. "आजोआ." त्याचा चेहरा पडला. "काय झालं आजोबांना?" "हुगल्यात," मी म्हणालो. तो गंभीर झाला. "हॉस्पिटलमध्ये हलवा लगेच," म्हणाला, आणि माझ्या दाढेत घाईघाईने कापूस कोंबून स्वतः दार उघडून धरलं.

रस्त्यावरून मी अर्ध्या तोंडाने चाललो होतो. अर्ध्या तोंडाने चालणं म्हणजे काय ते ज्याचं तोंड बधिर झालं आहे त्यालाच कळेल. उरलेलं शरीर त्या बाजूला कलतं, घरातलं कुणी आजारी असलं की सगळं घर त्या खोलीकडे कलतं तसं. दुकानांच्या काचांतून एक लोंबत्या ओठाचा माणूस माझ्याबरोबर धावत होता. सिग्नल लाल होता आणि मी थांबलो, आणि मग आठवलं की मला घाई कशाची आहे. आजोबांना उद्यापासून खणून काढायला सुरुवात होणार होती. एका बँकेला तिच्या नव्या इमारतीच्या दारात काहीतरी प्राचीन हवं होतं, आणि त्या बदल्यात ती आमच्या काचघराला नवं छप्पर घालून देणार होती. बैठकीत साहेब म्हणाले होते, "आपल्याकडे नर इतके आहेत, एक दिला तर काय बिघडलं?" मी म्हणालो होतो की या वयात मुळं तोडली तर ते जगतीलच असं नाही. "बघू," साहेब म्हणाले होते. आमचे संचालक फार सज्जन गृहस्थ आहेत, त्यांना 'नाही' म्हणायला त्रास होतो म्हणून ते 'बघू' म्हणतात, आणि त्यांचं 'बघू' अजून कुणी पाहिलेलं नाही. पण मादी असेल तर गोष्ट वेगळी. मादी असेल तर ती या बागेतली एकुलती एक. तिला हलवायला साहेबसुद्धा धजणार नाहीत. हे सगळं मला सिग्नलपाशी इतकं स्वच्छ दिसलं की दिवा हिरवा झाल्यावरही मी तिथेच उभा होतो आणि मागच्याने मला ढकललं.

काकू शिडीवर होत्या. आजोबांच्या मुकुटाच्या मधोमध, जुनी जखम होती तिथेच, एक फुगवटा वर आला होता, तपकिरी लोकरीने झाकलेला, टोपी घातलेल्या बाळाच्या टाळूएवढा. "काकू," मी सगळा जोर लावून म्हणालो, "तुही हुगल्यात लिहिलंत."

"काय?"

मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि स्वतःच्या अक्षराकडे लोकांच्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "फुगलेत लिहिलं मी. हे बघा, हे एवढंसं बटण आणि हा एवढा अंगठा. त्याला म्हटलं ले, त्याने लिहिलं ल्या. आणि तुम्ही काय त्यासाठी तोंड रंगवून घेऊन आलात? रक्त आलंय."

"आदी असेल," मी म्हणालो.

"कणीस येणार. नेहमीसारखं कणीस येणार बघा. मी काय आज ओळखते का त्यांना?"

साहेब तेवढ्यात तिथे आले, कारण साहेब रोज त्या वेळी येतात आणि प्रत्येक झाडासमोर उभं राहून खिन्नपणे मान हलवतात. मी त्यांना गाठलं. "साहेअ, आदी आहे!" मी ओरडलो. "आदी! आदी असण्याची शक्यता आहे!"

"आदिमच आहे," साहेब मायेने म्हणाले. "बोर्डावर लिहिलंय की."

"आदी हो! नर नाही! आदी!"

"आदी, मध्य, अंत सगळंच आहे त्यांच्यात," साहेब म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेवटी काकूंनी शिडीवरून भाषांतर केलं. "मादी म्हणतायत ते. मी मेसेज चुकीचा टाकला, त्यावरून." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंच्या फोनकडे पाहिलं, फुगवट्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमचं म्हणणं," ते शांतपणे म्हणाले, "काकूंचा अंगठा चुकला म्हणून मी बँकेला कळवू?" माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच होतं हे मला मान्य करावं लागलं. मी मान डोलावली. "बघू," साहेब म्हणाले. "खणायला सुरुवात तर होऊ दे. खणताखणता काही दिसलंच तर बघू."

घरी बाबा ओट्याशी उभे होते. ओट्याशी असले की ते 'तू' असतात आणि ओट्यापासून लांब गेले की 'तुम्ही'. हे आमच्या घराचं व्याकरण आहे, बाहेरच्याला शिकवता येत नाही. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो आणि धाकटी बहीण बोलायला लागली होती. बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे, दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या आतल्या काळोख्या विहिरीत लोंबकळत असायचे, हातांना ग्रीसचा वास. मी आईला अगंतुगं करायचो आणि त्यांना अहोजाहो. एकदा शाळेच्या फाटकापाशी, सगळ्या पोरांदेखत, माझ्या तोंडून निघून गेलं : "आई, तू डबा दिलाच नाहीस." म्हणायचं होतं बाबा, तुम्ही. एका वाक्यात नाव, सर्वनाम आणि क्रियापद तिन्ही चुकली. पोरं हसायच्या तयारीत होती, त्यांची तोंडं अर्धी उघडलेली मला अजून दिसतात. बाबांनी वळून "ओ" दिला. इतका सहज, जणू त्यांना त्याच नावाने कामावर हाक मारतात. "अगं बाई, राहिलाच की," ते म्हणाले, स्वतःच्या त्या घोगऱ्या आवाजात, आणि पिशवीतून डबा काढून दिला. पोरांना हसायला कुठे धरावं तेच कळलं नाही. त्यांची तोंडं तशीच मिटली. पुढे शाळेत 'फक्त मातांसाठी' अशी सभा असली की बाबा कामाचा निळा डगला घालून जायचे आणि बायकांच्या मधोमध बसायचे. बाईंनी एकदा बिचकत विचारलं, "आपण कोण?" "छोटीची आई," बाबा म्हणाले. "बाबांना आज सुट्टी मिळाली नाही."

"नर निघेल की मादी?" बाबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं. माझा जबडा परत आला होता आणि त्याच्याबरोबर दुखणंही.

"माहीत नाही. चुकीच्या मेसेजवर विश्वास ठेवून बसलोय. तुला काय वाटतं?"

"मला झाडातलं काय कळतं?" ते म्हणाले. "पण माणसं एवढी घाई का करतायत?"

"ट्रक ठरलाय."

"ट्रकला नाही म्हणता येतं," बाबा म्हणाले. "लिफ्टला येत नाही. लिफ्टमध्ये माणसं असतात." मग ते ओट्यापासून बाजूला झाले, खुर्चीवर बसले, आणि मी त्यांना विचारलं की तुम्ही जेवलात का.

दुसऱ्या दिवशी मुकादम आणि त्याची माणसं आली आणि आजोबांभोवती चर खणायला लागली. मी त्यांना पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं, कणीस म्हणजे नर, कोबी म्हणजे मादी, आणि कोबी निघाला तर तुमचं खणणं फुकट. हे ऐकून ती माणसं विलक्षण उत्साहाने खणायला लागली. कामात काहीतरी रहस्य आलं की माणूस जोमाने काम करतो, हे मला आधी कळायला हवं होतं. सगळे कणसाच्या बाजूने होते. काकूही कणसाच्या बाजूने. "तुमच्या बाजूने कोण?" मुकादमाने विचारलं. "एक अंगठा," मी म्हणालो. रोज सकाळी आल्या आल्या तो वर बघायचा आणि विचारायचा, "काय म्हणतोय कोबी?" मी म्हणायचो, "अजून टोपी काढली नाही." चर खोल होत गेला तसा मी त्याच्या काठावर पाय सोडून बसू लागलो. वरचा फुगवटा मोठा होत होता, खालची मुळं उघडी पडत होती, आणि मी दोन्हींच्या मधोमध, काय आधी होतंय ते बघत. मातीतून सायकडाची ती चमत्कारिक मुळं वर आलेली दिसायची, खाली जायचं सोडून वर येणारी, पोवळ्यासारखी फाटे फुटलेली. एक फाटा फावड्याने तुटला. आत निळसर हिरवी रेघ होती, शाळेच्या शाईसारखी ओली. मी तो तुकडा खिशात ठेवला आणि दिवसभर हात खिशात घालून बसलो.

मला भीती वाटत होती. झाड जाईल याची वाटत होतीच, पण ती साधी, सरळ भीती होती, तिच्याशी माझी ओळख आहे. दुसरी जास्त वाईट होती. ती अशी की लोकर बाजूला होईल, आतून मुकाट्याने कणीस वर येईल, आणि मग जगातली प्रत्येक चूक फक्त चूक ठरेल. फाटकापाशी मी जे म्हणालो तेही. कुणी ओ दिला म्हणून चूक खरी होत नसते, असं ते कणीस ताठ उभं राहून मला सांगेल. मी काठावर बसून स्वतःला समजावायचो की अरे, सगळी उत्क्रांतीच अंगठ्यांच्या चुकांनी झालेली आहे. माशाला पाय फुटले तेव्हा तेही कुणीतरी चुकूनच टाइप केलं होतं, आणि दुरुस्त करायला कुणी बसलं नव्हतं. डोळा, पंख, हत्तीची सोंड : हे काय ठरवून लिहिलेलं आहे? मग लगेच वाटायचं की सायकड मात्र ठरवून लिहिल्यासारखी आहेत. एवढ्या काळात त्यांनी फारशी चूक केलेली नाही. शुद्धलेखनाचं असं घराणं काकूंच्या अंगठ्यापायी कशाला बदलेल? मी भिंग घेऊन शिडीवर चढायचो. लोकर आणि लोकर. तिच्यात बोट घालून बघायचा मोह व्हायचा आणि मी हात मागे बांधून खाली उतरायचो, जगात अशा काही टोप्या असतात ज्या आपण होऊनच निघायला हव्यात. साहेब यायचे, मान हलवायचे. "बघू," म्हणायचे. चर आता इतका खोल झाला होता की खणणाऱ्यांची फक्त डोकी दिसायची, आणि आजोबा मातीच्या गोळ्यावर उभे होते, बेटावर उरलेल्या शेवटच्या माणसासारखे.

क्रेनच्या दिवशीही टोपी निघाली नव्हती. एका बाजूने तिला बारीक चीर पडली होती, पण चिरेतून नुसताच पिवळेपणा दिसत होता आणि पिवळं तर दोन्ही असतं. काचघराची एक बाजू काढून ठेवली होती. बुंध्याला जुन्या गाद्या गुंडाळल्या, गाद्यांवर पट्टे आवळले, गोळ्याला गोणपाट शिवलं. बँकेचा माणूस आला होता, अंगात कोट, हातात मोजायची पट्टी, त्याने पट्टी आजोबांना लावली आणि मला विचारलं, "हे आत सावलीत राहील ना? एसी जोरात असतो." मी म्हणालो की यांनी हिमयुग काढलंय, पण तेव्हा जवळ रिसेप्शन नव्हतं. त्याने ते लिहून घेतलं. तेवढ्यात मुकादम फाटकाकडून धावत आला आणि ओरडला, "चला, चला, क्रेनवाला आल्या!"

मी गर्रकन वळलो. "काय म्हणालात?"

"क्रेनवाला. आल्यात."

क्रेन चालवत आलेली बाई पन्नाशीची होती, खांद्यापर्यंत बाह्या दुमडलेल्या, तोंडात बडीशेप. मुकादमाच्या डोक्यात त्या कामाला एकच शब्द होता आणि समोर बाई होती, मग त्याने शब्द तसाच ठेवला आणि क्रियापद माणसाप्रमाणे लावलं, आणि वाक्य मजेत चालत आलं, कुठेही न अडखळता. मी तिथेच चराच्या काठावर उभा होतो आणि मला आतून काहीतरी सैल होत असल्यासारखं वाटलं. हे होऊ शकतं. लोक हे रोज करतात, कुणाला कळतही नाही.

साखळी ताणली. पट्टे कुरकुरले. आजोबांच्या अंगातून एक आवाज आला, खोल, लाकूड आणि ओली माती यांच्या मधला, आणि तो माझ्या दाढेत उमटला. काकूंनी डोळे मिटून घेतले. गोळा जमिनीपासून सुटला, हातभर वर आला, आणि एकीकडचा पट्टा जरा सरकल्यामुळे आजोबा हळूच क्रेनच्या बाजूला कलले, ऐकू न येणारा म्हातारा माणूस बोलणाऱ्याकडे डोकं कलवतो तसे. शेंडा आम्हा सगळ्यांपासून वळला. तो आता फक्त वर केबिनमध्ये बसलेल्या तिला दिसत होता. मला पानांची पाठ दिसत होती. सगळं थांबलं. क्रेनही थांबली. का थांबली ते कुणाला कळेना. मग काच खाली झाली आणि ती बाहेर वाकली.

"अहो खालचे! याच्यात कोबी आहे!"

कुणी हललं नाही.

"कोबी हो, कोबी! टोपी निघाली आत्ता, धक्क्याने! केवढा गड्डा आहे! सोन्याचा कोबी! असू द्यायचाय का काढू?"

"असू द्या!" मी ओरडलो. काकू ओरडल्या. मुकादम, जो पहिल्या दिवसापासून कणसाच्या बाजूने होता, तो सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "कोबी! अरे कोबी!" आणि त्याच्या माणसांनी फावडी हवेत उडवली, त्यातलं एक बँकेच्या माणसाच्या पायाशी पडलं. मी क्रेनच्या पायरीवर कधी चढलो मला आठवत नाही. तिने सरकून जागा दिली. आणि मी पाहिलं. जखम होती तिथे, तिच्या बरोबर मधोमध, केसाळ पानांचा गड्डा उलगडत होता, प्रत्येक पान फण्यासारखं, कडेला दातेरी, अंगावर उन्हात पेटलेली लव, आणि पानांच्या देठांशी, दोन्ही बाजूंना, अजून कच्ची, अजून लोकरीतली, गोल बीजं. ती बीजं मी फक्त चित्रात पाहिली होती. आमच्या काचघरात कुणीच कधी पाहिली नव्हती. ती तिथे बसलेली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नव्हतं.

"साहेब!" मी वरून ओरडलो, दोन्ही ओठांनी. "मादी आहे!"

साहेब चराच्या काठावरून गोल फिरून आले, मुठीत पॅन्ट धरून पायरी चढले आणि माझ्या काखेतून डोकावले. त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. मग साहेब म्हणाले, "बघितलं."

ते खाली उतरले आणि बँकेच्या माणसासमोर उभे राहिले, आणि मी त्यांना कधी इतकं उंच पाहिलं नव्हतं. "आपलं ठरलं होतं एक नर सायकड," साहेब म्हणाले. "हा नर नाही."

"पण झाड तेच आहे ना?"

"झाड तेच आहे. नर नाही. ठरलेलं झाड आता अस्तित्वातच नाही, त्याला आमचा इलाज नाही. तुम्हाला दुसरा नर देतो, तरुण आहे, दारात शोभेल."

"आम्हाला प्राचीन हवं होतं."

"घराणं तेच," साहेब म्हणाले. "घराण्याला महत्त्व असतं. छप्पर कधी पाठवता?"

बँकेच्या माणसाने कोपऱ्यातल्या तरुण नराकडे पाहिलं, पट्टी उघडली, मिटली, आणि म्हणाला की त्याला वर विचारावं लागेल. क्रेनवाली वरूनच म्हणाली, "मला विचारा की, मी वरच आहे." त्यानेही मग हसून घेतलं. त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

आजोबा खाली आल्या. इंचाइंचाने आल्या, सरळ होत आल्या, आणि आपल्या खड्ड्यात, आपल्याच आकाराच्या जागेत, हुश्श करून बसल्या. पट्टे सुटले, गाद्या निघाल्या. "खणायला लावता आणि भरायला लावता," मुकादम म्हणाला, पण सगळ्यांत आधी फावडं त्यानेच उचललं. मी चरात उतरलो आणि उघड्या मुळांवर हातांनी माती सारली, एकेका फाट्याखाली, पांघरूण खोचतात तशी. वरून माती येत होती, माझ्या डोक्यावर, मानेत, शर्टात. काकूंनी पाणी सोडलं आणि झाडाबरोबर मीही भिजलो. "चराच्या बाहेर या, नाहीतर तुमचीही लागवड होईल," त्या म्हणाल्या. चर भरला तसा मी आपोआप वर आलो, माती मला वर घेऊन आली.

"आता दाबा," काकूंनी सांगितलं. "आत हवा राहायला नको. पायांनी दाबा, सगळे या." मग आम्ही गोल करून आजोबांभोवती माती तुडवायला लागलो. मुकादम, त्याची माणसं, काकू पदर खोचून, क्रेनवाली बूट काढून, साहेब बूट न काढता. आधी सगळे आपापले पाय आपटत होते, मग कुणीही न ठरवता पाय एकत्र पडायला लागले, धप, धप, आणि काचघराच्या उरलेल्या काचा थरथरायला लागल्या. तिकीट काढून आत आलेली माणसं थांबून बघत होती. एका बाईंनी विचारलं की हे रोज असतं का. "नाही," साहेब धापा टाकत म्हणाले, "हे आजच आहे," आणि त्यांनी हात पुढे केला, आणि त्या बाईंनी पिशवी खाली ठेवून तो धरला. डोक्यावर छप्पर नव्हतं, ऊन सरळ आत पडत होतं, आणि मधोमध ती सोन्याची केसाळ पानं प्रत्येक धपेला किंचित हलत होती. माझे पाय दुखायला लागले. माती केव्हाच घट्ट झाली होती. थांबा असं कुणीच म्हणत नव्हतं.